चौदा गाण्यांचा बॉब मार्ली

१९८४ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये एक रेकॉर्ड बाजारात आली आणि आल्या आल्या खपाच्या यादीत पहिल्या जागेवर जाऊन बसली. बारा आठवडे ती तिथून हलली नाही. गायकाला जाऊन तीन वर्षं झाली होती. रेकॉर्डवर नवं काहीच नव्हतं. चौदाच्या चौदा गाणी आधीच्या अल्बममधून उचललेली, दुकानात सुटी मिळत असलेली. जिवंतपणी या गायकाला ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिला नंबर एकदाही मिळाला नव्हता. गायक बॉब मार्ली आणि रेकॉर्डचं नाव 'लेजंड'. आज जगभरात तिच्या अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्याचं सांगितलं जातं. रेगे हा शब्द ज्यांनी फक्त ऐकलाय त्यांच्याही घरात ती सापडते, आणि बहुतेकांच्या घरात मार्लीची तेवढी एकच रेकॉर्ड असते.

गाजलेली गाणी एकत्र बांधून पुन्हा विकायची, ही युक्ती तशी जुनी. अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने १९५८ मध्ये जॉनी मॅथिस या गायकाची 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' काढली ती अडचणीपोटी. मॅथिस दौऱ्यावर होता, नवी गाणी तयार नव्हती, कंपनीला तर रेकॉर्ड हवी होती. मग सुटी सुटी निघालेली गाणी गोळा केली आणि एलपीवर घातली. ती एलपी बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत ४९० आठवडे टिकली. कंपन्यांचे डोळे उघडले. स्टुडिओचं भाडं नाही, वादकांची बिदागी नाही, गायकाचे रुसवेफुगवे नाहीत. माल गोदामात तयार, फक्त वेष्टन नवं. आपल्याकडेही 'निवडक', 'सुवर्ण', 'अविस्मरणीय' अशी विशेषणं लावलेल्या कॅसेटींनी घराघरातले खण भरले ते याच हिशेबाने. पण असा संग्रह निघाला की सहसा कारकीर्द मिटत आल्याची खूण समजायची. मार्लीच्या बाबतीत उलटं झालं. 'लेजंड'नंतरच तो जगाच्या घराघरात माहीत झाला. प्रश्न एवढाच, की जो माहीत झाला तो कोण?

उत्तरासाठी बारा वर्षं मागे जायला हवं, ख्रिस ब्लॅकवेलपाशी. ब्लॅकवेलचा जन्म १९३७ चा, लंडनचा. वाढला मात्र जमैकात, श्रीमंत गोऱ्या घरात. विशीत असताना त्याची बोट किनाऱ्याजवळ अडकली, उन्हातान्हात चालून तो कोसळला आणि रास्ताफारी पंथातल्या जटाधारी कोळ्यांनी त्याला खाऊपिऊ घालून वाचवलं, अशी हकिगत तो स्वतः सांगतो. जमैकातले प्रतिष्ठित लोक तेव्हा रास्ताफारींच्या सावलीलाही उभे राहत नसत. ब्लॅकवेलची भीती त्या दिवशी गेली. १९५९ मध्ये त्याने आयलंड रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, पुढे बिऱ्हाड लंडनला हलवलं आणि आपल्या छोट्या गाडीत रेकॉर्डी भरून कॅरिबियन वस्तीतल्या दुकानांना त्या विकत हिंडला.

१९७२ मध्ये लंडनमध्ये अडकून पडलेले तीन जमैकन गायक त्याच्या ऑफिसात आले: बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंग्स्टन. तिघं मिळून 'द वेलर्स'. जमैकात त्यांचं नाव होतं. १९६४ पासून त्यांची गाणी तिथे वाजत होती, पण हातात पैसा नव्हता. ब्लॅकवेलने त्यांना अल्बम करायला चार हजार पौंड दिले. पैसे बुडाले म्हणून समज, असं त्याला जाणकारांनी बजावलं. तिघं किंग्स्टनला गेले आणि खरोखरच अल्बम घेऊन परतले.

पुढे जे घडलं ते 'लेजंड'च्या चर्चेत नेहमी वगळलं जातं. किंग्स्टनहून आलेल्या टेप्सवर ब्लॅकवेलने लंडनमध्ये आणखी काम करून घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेतला वेन पर्किन्स हा गोरा गिटारवादक तेव्हा लंडनमध्ये होता. रेगेशी त्याची धड ओळखही नव्हती. त्याला बसवून वरून रॉकच्या धाटणीची गिटार वाजवून घेतली. जॉन 'रॅबिट' बंड्रिकने कीबोर्ड भरले. सुट्या गाण्यांवर जगणाऱ्या जमैकन संगीताला ब्लॅकवेलने सलग अल्बमचं रूप दिलं, कारण रॉक ऐकणारी कॉलेजातली पोरं अल्बम विकत घेत. १९७३ मध्ये आलेल्या 'कॅच अ फायर'च्या पहिल्या प्रतींचं वेष्टन झिप्पो लायटरच्या आकाराचं होतं. वरचं झाकण बिजागरीवर उघडायचं आणि आत पुठ्ठ्याची ज्वाला दिसायची. मार्लीने यावर कुरकुर केल्याचं दिसत नाही. लंडनमध्ये नव्या वादनाच्या वेळी तो हजर होता. आपण किंग्स्टनबाहेर ऐकले गेलो पाहिजे ही त्याची स्वतःची भूक होती.

म्हणजे कापड जमैकाचं आणि बेत गोऱ्या अंगाचा, ही शिलाई १९७२ मध्येच सुरू झाली. १९८४ मध्ये शिंपी बदलला आणि गिऱ्हाइकाचं वय बदललं, इतकंच.

त्यानंतर टॉश आणि बनी बाहेर पडले. १९७४ मध्ये एरिक क्लॅप्टनने मार्लीचं 'आय शॉट द शेरिफ' गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. मूळ गायक कोण, हे विकत घेणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत होतं कोण जाणे. मग १९७५ चा जुलै आला. लंडनच्या लायसियम थिएटरात उकाडा मी म्हणत होता, आत गर्दी खच्चून. बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी उभी. 'नो वुमन, नो क्राय'ची स्टुडिओतली मूळ आवृत्ती तुम्ही ऐकली असेल तर आठवेल, ती जरा घाईची आहे, मागे यांत्रिक ताल टकटकतो. लायसियममध्ये तेच गाणं संथ झालं. आधी ऑर्गन येतो, आपल्या चालीने, कसलीही घाई न करता. मार्ली तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षक गायला लागतात. मध्ये कुठेतरी ध्वनियंत्रणेची बारीक शीळ घुसते, ती कुणी काढून टाकली नाही. ट्रेंचटाउनच्या सरकारी चाळींच्या अंगणात रात्री शेकोटी करून बसलेल्या माणसांची ही आठवण लंडनच्या पोरांना पाठ होती. 'लेजंड'वर आहे ती ही लायसियमची आवृत्ती, आणि त्या निवडीबद्दल मी संग्रह करणाऱ्यांचे सगळे अपराध माफ करायला तयार आहे.

मधल्या काळातला मार्ली मात्र विकायला सोपा नव्हता. १९७६ च्या डिसेंबरात, निवडणुकीच्या तोंडावर, किंग्स्टनच्या ५६ होप रोड या त्याच्या घरात बंदूकधारी शिरले. मार्लीला आणि त्याची बायको रीटा हिला गोळ्या लागल्या. दोन दिवसांनी तो दुखऱ्या हाताने जाहीर मैफलीत उभा राहिला आणि मग देश सोडून लंडनला गेला. तिथे 'एक्सोडस' हा अल्बम झाला. १९७८ च्या एप्रिलमध्ये परत येऊन त्याने किंग्स्टनच्या मैफलीत पंतप्रधान मायकल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सीगा यांना मंचावर बोलावलं आणि दोघांचे हात आपल्या हातात घेऊन डोक्यावर उंच धरले. १९७९ चा 'सर्व्हायव्हल' हा अल्बम तर सरळ आफ्रिकेला उद्देशून होता. १९८० च्या एप्रिलमध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्री हरारेच्या (तेव्हाचं सॉल्सबरी) रुफारो स्टेडियममध्ये मार्ली गायला. आवाराबाहेर राहिलेली गर्दी आत घुसू लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो थेट मंचावर आला. साहित्य तिथवर नेण्याचा खर्च मार्लीने स्वतःच्या खिशातून केला होता.

त्याला एक सल होता. अमेरिकेतल्या त्याच्या मैफलींना गोरी पोरं येत. कृष्णवर्णीय अमेरिकन श्रोता फारसा येत नसे. तिथली कृष्णवर्णीय रेडिओ केंद्रं रेगे लावायला नाखूश असत. म्हणून १९८० च्या सप्टेंबरमध्ये, युरोपातली भलीमोठी मैदानं भरवून आलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉमोडोर्स या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाच्या आधी गायला उभा राहिला. त्यांच्या श्रोत्यांना आपलं गाणं ऐकवायचं होतं. लगेच दुसऱ्या दिवशी सेंट्रल पार्कमध्ये पळताना तो कोसळला. पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेला कर्करोग मेंदूपर्यंत गेला होता. २३ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये त्याची शेवटची मैफल झाली. जर्मनीतल्या उपचारांनी गुण आला नाही आणि ११ मे १९८१ ला मायामीत तो गेला. वय ३६. जमैकाने सरकारी इतमामात निरोप दिला आणि सेंट ॲन परगण्यातल्या नाइन माइल या जन्मगावी त्याची गिटार सोबत ठेवून त्याला पुरलं.

आता डेव्ह रॉबिन्सन. हा आयरिश गृहस्थ. १९७६ मध्ये त्याने भागीदाराबरोबर स्टिफ रेकॉर्ड्स ही उनाड कंपनी काढली होती. इयन ड्यूरी, मॅडनेस अशी मंडळी तिच्याकडे होती. मॅडनेसच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह १९८२ मध्ये टीव्हीवर जाहिरात करून त्याने पहिल्या नंबरला नेला होता. पुढे ब्लॅकवेलने स्टिफचा निम्मा हिस्सा घेतला आणि रॉबिन्सनला आयलंडचा कारभार सोपवला. आयलंडची तब्येत तेव्हा बरी नव्हती, पैशाची चणचण होती. कपाटात मार्लीचे नऊ स्टुडिओ अल्बम होते. रॉबिन्सनने खपाचे आकडे मागवले आणि तो चक्रावला. नाव जगभर आणि खप मात्र त्या मानाने किरकोळ.

कंपनीने मार्लीला बंडखोर, राजकीय, धुरात हरवलेला जटाधारी म्हणूनच पुढे केलं, म्हणून सामान्य गिऱ्हाईक बिचकलं, असं त्याचं निदान होतं. खात्री करून घ्यायला त्याने बाजाराची पाहणी करणाऱ्याला कामाला लावलं. उपनगरांतल्या गोऱ्या, मध्यमवर्गीय, कधीमधी रेकॉर्ड घेणाऱ्या माणसांना बसवून गाणी ऐकवली आणि मतं विचारली. संगीतक्षेत्रात तेव्हा ही रीत नव्हती. साबण आणि बिस्किटं विकणारे असं करत. या मंडळींना मार्ली ठाऊक होता, आवडतही होता. आपल्याकडे त्याची एक तरी रेकॉर्ड असायला हवी होती, अशी थोडी टोचणीही होती. पण राग, गांजा आणि क्रांती त्यांना दिवाणखान्यात नको होती. बॉबला गोऱ्या जगात विकायचं, हाच आपला हेतू होता, असं रॉबिन्सनने पुढे काही आडपडदा न ठेवता सांगितलं. प्रसिद्धीत रेगे हा शब्दसुद्धा टाळायचं ठरलं.

मग चौदा गाणी निवडली गेली. ही यादी घेऊन जरा बसलं पाहिजे. एकट्या 'एक्सोडस'मधून पाच. 'काया' या सगळ्यात गोडव्याच्या अल्बममधून दोन. शेवटच्या 'अपरायझिंग'मधून दोन. आरंभीच्या 'कॅच अ फायर'मधून फक्त एक, तेही प्रेमगीत. 'बर्निन'मधून दोन, 'नॅटी ड्रेड'मधल्या एका गाण्याची लायसियमची आवृत्ती, आणि मृत्यूनंतर निघालेल्या 'कन्फ्रंटेशन'मधलं 'बफेलो सोल्जर'. 'रास्तामॅन व्हायब्रेशन'मधून शून्य. 'सर्व्हायव्हल'मधूनही शून्य. म्हणजे इथिओपियाचा सम्राट हेले सेलासीने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात केलेल्या भाषणावर बांधलेलं 'वॉर' गेलं, झिम्बाब्वेवरचं गाणं गेलं, गुलामांच्या मुकादमाला उद्देशून गायलेलं 'स्लेव्ह ड्रायव्हर' गेलं. रुफारो स्टेडियममध्ये अश्रुधुरात उभा असलेला माणूस या रेकॉर्डवर नाही.

यावरून गेली चाळीस वर्षं रॉबिन्सनच्या नावाने बोटं मोडली जातात. मार्लीचे दात काढून त्याला पाळीव केला, असा आरोप. मला तो निम्माच पटतो. यादी पुन्हा पाहा. चौदांपैकी नऊ गाणी ब्रिटनमध्ये आधीच पहिल्या चाळिसात येऊन गेलेली होती. दहावं 'वन लव्ह'. ते मुद्दाम 'लेजंड'च्या थोडं आधी, एप्रिलमध्ये सुटं काढलं आणि पाचव्या नंबरापर्यंत गेलं. म्हणजे दहा गाणी ही सरळसरळ त्या देशातली त्याची गाजलेली गाणी होती. ज्या राजकीय गाण्यांसाठी टीकाकार गळा काढतात ती कंपनीने लपवली असं म्हणण्यापेक्षा लोकांनी ती घेतलीच नव्हती, असं म्हणणं जास्त खरं. उरलेल्या चारांत 'गेट अप, स्टँड अप' आहे, 'आय शॉट द शेरिफ' आहे आणि 'रिडेम्प्शन साँग' आहे. या शेवटच्या गाण्यात तर जमैकन कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्वीच्या १९३७ मधल्या भाषणातला विचार जवळपास जसाच्या तसा येतो. गुलामांच्या जहाजापासून सुरू होणारं हे गाणं निरुपद्रवी कसं म्हणायचं?

खरी कारागिरी गाण्यांच्या क्रमात आहे. पहिल्या बाजूची सुरुवात 'इज धिस लव्ह'ने, दुसऱ्या बाजूची 'वन लव्ह'ने. 'रिडेम्प्शन साँग' कुठे ठेवलंय? एकीकडे 'वेटिंग इन व्हेन', दुसरीकडे 'सॅटिस्फाय माय सोल', अशा दोन प्रेमगीतांच्या मध्ये. मूळ अल्बमवर ते अगदी शेवटी होतं, सगळे वादक थांबल्यावर, एकटा माणूस आणि एक साधी गिटार. मार्लीच्या हयातीत निघालेल्या शेवटच्या अल्बमचं शेवटचं गाणं. 'लेजंड'वर ते मधल्या रस्त्यात येतं आणि निघून जातं; शेवट 'जॅमिंग'च्या नाचाने होतो. एक शब्दही न कापता गाण्याचं वजन असं उतरवता येतं. संपादनाचा धंदा करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

मुखपृष्ठावर एड्रियन बूटने काढलेला फोटो आला. हात हनुवटीशी, बोटात अंगठी, नजर विचारात. ना चिलीम, ना आवळलेली मूठ. 'वन लव्ह'च्या व्हिडिओचं काम डॉन लेट्सला दिलं. जमैकन आईबापांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेला, स्वतः जटाधारी, पंक आणि रेगे या दोन्ही जगांत वावरलेला हा माणूस मार्लीच्या ओळखीचा होता. व्हिडिओत एक जटाधारी लहान मुलगा, रस्त्यावरची रंगीबेरंगी माणसं, मॅडनेसमधली मंडळी, आणि एका क्षणी चक्क पॉल मॅकार्टनी. बीटल्समधला माणूस रस्त्यात उभा राहून हसतोय म्हटल्यावर उपनगरातल्या काकूंनी घाबरायचं कशाला? वर टीव्हीवर जाहिरातींचा मारा. ब्रिटनच्या यादीत 'लेजंड'च्या आधी पहिल्या जागी 'नाऊ' मालिकेतला दुसरा संग्रह होता आणि 'लेजंड' खाली उतरल्यावर तिसरा आला. टीव्हीवरून संग्रह विकायचे ते दिवसच होते, आणि रॉबिन्सन हा त्या बाजाराची नस ओळखणारा दुकानदार होता. मात्र बाकीचे संग्रह हंगाम संपला की धूळ खात पडले.

अमेरिकेतली गोष्ट वेगळीच. तिथे 'लेजंड' १९८४ मध्ये ५४ व्या नंबरच्या वर चढली नाही. पण खाली जाऊनही ती संपेना. दर सप्टेंबरला कॉलेजात नवी पोरं येत, वसतिगृहाच्या खोलीत आधीच्याने ठेवलेली रेकॉर्ड ऐकत आणि आपली प्रत घेत. वर सीडी आली. जुन्या एलपी आणि कॅसेटी टाकून लोक तीच गाणी पुन्हा विकत घेऊ लागले. १९९१ पर्यंत खपाचे आकडे दुकानदारांना फोन करून गोळा होत, आणि दुकानदार साहजिकच नव्या मालाबद्दल बोलत. त्या वर्षी साउंडस्कॅन आलं, काउंटरवर बारकोड वाचून मोजणी सुरू झाली, आणि जुन्या रेकॉर्डी किती खपतात ते उघड्यावर आलं. बिलबोर्डने यावर तोडगा काढला तो असा की जुन्या अल्बमना मुख्य यादीतून उचलून वेगळ्या यादीत टाकलं. तिथे 'लेजंड' वर्षानुवर्षं मुक्कामाला होती. २००९ च्या अखेरीस नियम बदलला, जुने अल्बम मुख्य यादीत परत आले, आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये गूगलच्या दुकानात ९९ सेंटला मिळायला लागल्यावर 'लेजंड' अमेरिकेत पाचव्या नंबरला गेली. प्रकाशनानंतर तीस वर्षांनी! मुख्य यादीत तिचे ८०० हून जास्त आठवडे झाले आहेत. मधली अठरा वर्षं बाहेर बसवली नसती तर हा आकडा कुठे गेला असता, ते ज्याने त्याने मोजावं.

मार्लीला जो श्रोता हवा होता, ज्याच्यासाठी तो कॉमोडोर्सच्या आधी गायला उभा राहिला, तो अमेरिकेत 'लेजंड'चा मुख्य गिऱ्हाईक नव्हता. घेणारी होती ती बहुतेक त्याला आधीपासून येऊन मिळालेल्या गोऱ्या पोरांची धाकटी भावंडं.

पैसा कुठे गेला, हीही एक स्वतंत्र कादंबरी आहे. मार्लीने मृत्युपत्र केलं नव्हतं. रास्ताफारी श्रद्धेत मरणाची तजवीज करणं बसत नाही. मागे पत्नी रीटा, अनेक स्त्रियांपासून झालेली मुलं आणि वकिलांची फौज. 'लेजंड' खपत गेली तसं भांडणाचं मोलही वाढत गेलं. ब्लॅकवेलने १९८९ मध्ये आयलंड कंपनी पॉलिग्रामला सुमारे तीस कोटी डॉलरना विकली. मार्लीच्या मालमत्तेचा वाद कोर्टातून कोर्टात फिरून १९९१ मध्ये कुटुंबाच्या बाजूने लागला. 'नो वुमन, नो क्राय'च्या श्रेयाचा वाद तर लंडनच्या कोर्टात २०१५ पर्यंत चालला. ते गाणं कागदोपत्री व्हिन्सेंट फोर्ड याच्या नावावर आहे. हा मार्लीचा ट्रेंचटाउनमधला मित्र. दोन्ही पाय गमावलेला, गरिबांसाठी रांधण्याचा उद्योग चालवणारा. जुन्या प्रकाशन-करारातून सुटायला मार्लीने काही गाणी मित्रांच्या नावावर टाकली, असा एक पक्ष. फोर्डचाच खरा हात होता, असा दुसरा. काही असो, त्या गाण्याचा पैसा फोर्डला मिळत राहिला आणि वस्तीतली चूल त्याने चालू ठेवली. अडीच कोटी प्रतींचा एक बारीक पाट त्या चुलीपर्यंत पोचला, ही या सगळ्या व्यवहारातली मला सगळ्यात आवडती बाब.

आपल्याकडे मार्ली आला तो याच चौदा गाण्यांच्या वाटेने. अंजुणा, हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसा. लाल-पिवळ्या-हिरव्या कापडावर त्याचा चेहरा असतो आणि स्पीकरवर 'थ्री लिटल बर्ड्स'. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत भिंतीवरचा मार्ली बहुधा धूर सोडत असतो. म्हणजे रॉबिन्सनने मुखपृष्ठावरून जो गांजा काळजीपूर्वक काढला तो पोस्टरवाल्यांनी परत आणून बसवला. त्यातही एक गंमत आहे. जमैकात गांजा नेला तो आपल्याकडच्या माणसांनीच. १८४५ च्या मे महिन्यात 'ब्लंडेल' जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिया मजूर तिथे उतरले. उसाच्या मळ्यांवर राबायला पुढे हजारो गेले, आणि त्यांच्या गाठोड्यातून ही सवय तिथे रुजली. रास्ताफारींनी तिला पूजेचं स्थान दिलं. गोव्याच्या पर्यटकाला हे सगळं सांगत बसलं तर तो बिअर मागवतो.

उरलेल्या मार्लीला बाहेर आणायचे प्रयत्न झाले, आणि तेही आयलंडनेच केले. १९८६ मध्ये 'रेबेल म्युझिक' नावाचा संग्रह निघाला. त्यात 'वॉर' होतं, 'स्लेव्ह ड्रायव्हर' होतं, उपाशी पोटांचा राग होता. जाणत्यांनी कौतुक केलं, खपाच्या बाबतीत मात्र तो 'लेजंड'च्या आसपासही फिरकला नाही. १९९२ मध्ये 'साँग्ज ऑफ फ्रीडम' हा चार सीडींचा संच आला, अगदी १९६० च्या दशकातल्या किंग्स्टनपासूनचा माल घेऊन. तो ज्यांना मार्ली आधीच हवा होता त्यांनी घेतला. मग १९९५ मध्ये 'वॉर', 'आफ्रिका युनाइट', 'वन ड्रॉप' अशी वगळलेली गाणी पुन्हा एकत्र केली आणि संग्रहाला नाव दिलं 'नॅचरल मिस्टिक'. पण नुसत्या त्या नावावर तो दुकानात उभा राहील असा भरवसा कंपनीला नसावा. मुखपृष्ठावर उपशीर्षक जोडलं गेलं: 'द लेजंड लिव्ह्ज ऑन'.